गोवंडे घराण्याचं विरजण

विरजण लावायला दूध कोमट हवं. फार गरम असलं की विरजण मरतं, गार असलं की झोपून राहतं. एवढी गोष्ट सांगायला कंपनीने माहितीपत्रकाचं एक गुळगुळीत पान खर्ची घातलं आहे.

*

जंतूच नसलेल्या पिंजऱ्यात वाढवलेला उंदीर दिसायला गुटगुटीत असतो. त्याला शत्रू कळत नाही आणि मित्रही कळत नाही. पिंजऱ्याचं दार उघडलं की त्याचं आयुष्य बहुधा संपतं.

*

वधू पाहिजे. सांगली, मिरज, पुणे. उच्चशिक्षित, मनमिळाऊ. पत्रिका व आतडे-अहवाल जुळणे आवश्यक. तीन पिढ्या एकच आहार असल्यास प्राधान्य.

*

लग्नातला फोटो. सासूबाई पाटावर बसल्या आहेत, पाय पितळी परातीत. पाय धुणाऱ्या बाईचा चेहरा दिसत नाही. वाकलेली पाठ दिसते आणि अंबाड्यातली अबोली.

*

हर्णैच्या बंदरावर एक बाई पाय घसरून पडली. डोक्यावर बर्फाची पाटी होती. पाटी वाचली.

*

लंगोटात रक्ताचा एक बारीक धागा.

*

आता ओळीने सांगते.

मी प्रांजल. माहेरची पावसे, हर्णैची. माझी आई वनिता पावसे बंदरावर मासळी विकते. तिला मी आय म्हणते. मी सांगलीच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते आणि माझा नवरा ईशान गोवंडे घरी बसून परदेशातल्या बँकांचे आकडे राखतो. त्याच्या बोलण्यात 'डेटा' हा शब्द आला की समजायचं, पुढे त्याच्या आईचं मत येणार आहे.

आमचं लग्न प्रेमाचं. तरीही सासूबाईंनी माझा आतडे-अहवाल मागवला होता. अहवालात दोन ओळी होत्या. जंतूंची विविधता : अतिउत्तम. आहार : सागरी. सासूबाईंनी दुसरी ओळ वाचली आणि कागद दुमडून ठेवला.

या अहवालांमागचा शोध साधा आहे. बाळ जन्माला येतं तेव्हा त्याचं आतडं जवळजवळ रिकामं असतं. पहिले जंतू येतात ते मुख्यतः आईकडून : जन्मताना, कुशीत, दुधातून. पण त्याच्याही आधीपासून आईच्या आतड्यातले जंतू काही ना काही बनवत असतात, ते तिच्या रक्तातून गर्भापर्यंत पोचतं आणि बाळाच्या संरक्षक पेशींची शिकवणी सुरू होते. कुणाला मारायचं, कुणाला सोडायचं. जन्मानंतरचे पहिले काही आठवडे या शाळेचे. तेव्हा जे शिकलं जातं ते पुढे पुसणं कठीण. दमा, अंगावरचे चट्टे, काही प्रकारचा मधुमेह, पुष्कळ काही या शाळेत ठरतं.

म्हणजे शोध आईबद्दल होता. विकला गेला तो कुळाबद्दल.

*

'शुद्धोदर. आपल्या घराण्याचा वारसा, आपल्या वारसाच्या पोटात.'

ही जाहिरात सांगलीतल्या प्रत्येक चौकात होती. बाईच्या पोटावर तुळशीवृंदावन काढलेलं. आत चिमुकलं बाळ हात जोडून बसलेलं.

योजना अशी. घरातल्या ज्येष्ठ बाईचे जंतू कंपनीच्या थंडगार कपाटात साठवायचे. त्याला म्हणायचं कुलविरजण. सून गरोदर राहिली की सातव्या महिन्यानंतर औषधांनी तिचं आतडं धुऊन काढायचं आणि त्यात सासूचं विरजण लावायचं. मग बाळ जन्मतं ते 'एकवाणी', म्हणजे एकाच वाणाचं. हा शब्दही कंपनीचाच.

खरं तर मला हसू यायला हवं होतं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहून झालं होतं. आडनाव बदललं, गोत्र बदललं. आतडं तेवढं राहून गेलं होतं. आईबद्दलचा शोध कुळाचा समजण्याची ही चूक कुठल्याही परक्या माणसाने केली नसती. मुलगी दिली की ती मुळापासून त्या घरची होते, असं शेकडो वर्षं म्हणत आलेल्यांनाच ती सुचू शकते.

आणि कुणाचं कुळ? सासूबाई माहेरच्या मुग्धा लेले. त्यांच्या पोटातले जंतू त्यांना त्यांच्या आईकडून आले, आईला तिच्या आईकडून. हा बायकांचा रस्ता आहे. गोवंडे घराण्यातल्या एकाही पुरुषाने त्या विरजणात बोट बुडवलेलं नाही. हे मी एकदा जेवताना बोलले.

"काहीतरीच काय बोलतेस जेवणाच्या टेबलावर?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, माझ्या पोटात नक्की काय घाण आहे?"

"घाण कोण म्हणालं? मी सवयी म्हणतेय. पोटाला सवयी असतात. बाळाला त्या लागू नयेत एवढंच."

"डेटा आहे, प्रांजल," ईशान म्हणाला आणि आमटीत पोळी बुडवली.

शुद्धोदरच्या केंद्रात एक सल्लागार मुलगी होती, फिक्या गुलाबी कोटातली. तिने मला आलेख दाखवला. एकवाणी बाळांना चट्टे कमी, दमा कमी. आलेखाच्या खाली किती बाळं मोजली ते नव्हतं.

"मॅडम, घाबरण्यासारखं काहीच नाही. जुने भाडेकरू काढायचे, सुसंस्कृत भाडेकरू ठेवायचे."

मी हो म्हटलं. अंगावर सूज होती, झोप नव्हती आणि घरात रोज तोच विषय होता. शहाण्या बायका किती क्षुल्लक कारणांसाठी हो म्हणतात याचं सर्वेक्षण कुणी करत नाही.

विरजण आलं ते चंदेरी डबीत, गोळ्यांच्या रूपात. झाकणावर गोवंड्यांच्या कुलदैवताचं चित्र. सासूबाईंनी ती डबी एक दिवस देवघरात ठेवली, हळदकुंकू वाहिलं. मग मला पंचामृताबरोबर पहिली गोळी दिली. स्वतःच्या शौचातून निघालेली वस्तू माणूस इतक्या भक्तिभावाने दुसऱ्याच्या तोंडात घालू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

आयला मी हे फोनवर सांगितलं.

"गो, पयलं बाळंतपण म्हायेरी करायचं असतं," एवढंच म्हणाली.

तेही ठरलं होतं. माहेरी नाही. मासळीबाजाराच्या हवेत नवजात बाळ नको.

*

मुलगी झाली.

काही दिवस सगळं छान. सासूबाई फोनवरून नात्यातल्या बायकांना एकवाणी बाळाचं वजन सांगत होत्या. मग गालावर लाल चट्टे आले, मग मानेवर. ती अंगावर प्यायची, लगेच पाय पोटाशी घेऊन रडायची. ताप यायचा आणि उतरायचा नाही. वजन वाढायचं थांबलं. मग तो लंगोटातला धागा.

शुद्धोदरच्या मदत क्रमांकावर एक गोड आवाज म्हणाला, "हा जुळवाजुळवीचा काळ असतो, मॅडम. सकारात्मक राहा."

मी सकारात्मक राहिले नाही. तिला घेऊन मिरजेला गेले, डॉक्टर फर्जाना मुल्लांकडे. लहान मुलांच्या आतड्यांच्या डॉक्टर. उंच, घाईतल्या, बोलताना पेनचं टोपण चावणाऱ्या. त्यांनी मुलीला भरती केलं आणि माझं दूध तपासायला घेतलं.

संध्याकाळी आम्हा तिघांना बोलावलं. मी, ईशान, सासूबाई.

"तुमचं दूध उत्तम आहे," डॉक्टर म्हणाल्या. "फक्त ते दुसऱ्याच घराचा पहारा करायला निघालंय."

"म्हणजे?"

"सांगते. तुमच्या आतड्याच्या भिंतीत संरक्षक पेशी असतात. तीसेक वर्षं त्यांनी तुमच्या जंतूंबरोबर संसार केलाय. कोण कसा, त्यांना पाठ आहे. बाळंतपणाच्या सुमाराला त्यातल्या काही पेशी आतड्यातून निघून स्तनात येतात आणि दुधात पहारेकरी सोडतात. प्रतिद्रव्यं म्हणतो आपण त्यांना. ते बाळाच्या पोटात जाऊन काय करतात? आईकडून जे जंतू आलेत त्यांना धरून ठेवतात. मारत नाहीत. 'तुम्ही आमचेच, पण भिंतीला हात लावायचा नाही,' असं सांगतात. तोवर बाळाची स्वतःची फौज शांतपणे शिकत राहते."

"बरं," ईशान म्हणाला. त्याला डेटा आवडत होता.

"तुम्ही काय केलंत? जंतू बदललेत. ते काही दिवसांत बदलतात. पण पेशींची स्मरणशक्ती इतक्यात बदलत नाही. आता बाळाच्या पोटात जंतू आहेत यांचे," टोपण सासूबाईंकडे वळलं, "आणि पहारेकरी आहेत प्रांजलचे. पहारेकरी नव्या मंडळींना ओळखत नाहीत, धरत नाहीत. मंडळी थेट भिंतीशी गेली. बाळाची कच्ची फौज घाबरून उठली आणि जे समोर दिसेल त्यावर गोळीबार करतेय. स्वतःच्या भिंतीवर सुद्धा. रक्त त्याचंच."

"पण माझ्या पोटातले जंतू तर चांगले आहेत ना?" सासूबाईंनी विचारलं. नात नळ्यांना बांधलेली होती आणि त्यांना आपल्या जंतूंच्या चारित्र्याची काळजी होती.

"उत्तम आहेत. तुमच्यासाठी."

"मग हिचं दूध बंद करू या. पावडर देऊ."

"पावडरीत पहारेकरीच नसतात, काकू. आहे तो गोंधळ तसाच राहील. अजून थोडे दिवस तिची शाळा चालू आहे. त्याच्या आत हे थांबलं नाही, तर स्वतःवर गोळी झाडायची ही सवय तिला जन्मभर राहील. औषधं देऊन दाबत बसावं लागेल." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमचे मूळ जंतू साठवलेत का कुठे?"

नव्हते साठवले. सासूबाईंचं विरजण पाच वर्षं थंडगार कपाटात होतं. धुऊन काढण्याआधी माझं चमचाभर ठेवून द्यावं, असं कुणाला सुचलं नव्हतं. कचरा कोण साठवतं?

"तुमच्या आई आहेत?"

"आहेत. हर्णैला."

"अजून तेच जेवण? तीच चूल?"

"रोज भात आणि मासळी. सुकी नाहीतर ओली."

"छान," डॉक्टर म्हणाल्या. 'छान' ऐकून सासूबाईंनी पदर सारखा केला. "जगात तुमच्या जंतूंच्या सगळ्यांत जवळचं जे काही असेल ते त्यांच्या पोटात असेल. तुमच्या दुधाशी जुळवून बघू. जुळलं तर गाळून, तपासून, थेंबाथेंबाने बाळाला देऊ."

"म्हणजे नक्की काय आणायचं त्यांच्याकडून?" सासूबाईंनी विचारलं.

"विष्ठा."

"अं?"

"ताजी. बर्फात. उद्यापर्यंत."

*

आयला फोन केला. तिचा पाय महिनाभर प्लॅस्टरमध्ये होता, बंदरावर पडल्यापासून. नाहीतर ती पहिल्या दिवशीच येऊन दारात बसली असती. मी सगळं सांगितलं. तिने एकही प्रश्न विचारला नाही.

"माझी नात हाय ती. लागेल तेवढी नेवा," ती म्हणाली. "गो प्रांजल, ईशानला नको धाडू. विहीणबाईंना धाड. लग्न झाल्यापासून पाय नाय लागले त्यांचे घराला."

ईशानला ते कळलं तेव्हा तो वॉर्डच्या बाहेर जाऊन परत आत आला.

"अशा वेळी अट घालतात का कुणी? आईला तिकडे पाठवायचं?"

"अट नाहीये. आमंत्रण आहे."

"मी जातो ना!"

"तू आमच्या घरी दहा वेळा जेवलास, ईशान. सुरमई मागून घेतलीस आणि इथे येऊन तोंड धुतलंस. तुझं जाणं काही खास नाही."

तो आईकडे बघायला लागला. सासूबाई काचेतून मुलीकडे बघत होत्या. इतक्या लहान अंगाला इतक्या नळ्या. त्यांनी पर्स उचलली.

*

पुढचं मी मोबाईलवर पाहिलं. आयने तिचा मोबाईल मुद्दाम भांड्यांच्या फळीवर उभा करून ठेवला होता, लेन्स पुसून.

आय खाटेवर, प्लॅस्टरचा पाय उशीवर. जमिनीवर पाट, पाटाभोवती रांगोळी. शेजारी बर्फाची पेटी, कडी लावलेली. आरोग्य केंद्राची नर्स सकाळीच येऊन तिचं काम करून गेली होती. म्हणजे यात मुलीचा फार वेळ वाया जाणार नव्हता. पेटी तयार होती. फक्त ती उचलून देणारी उठत नव्हती.

सासूबाई दारात आल्या. नाकाला रुमाल लावावा की लावू नये, हे त्यांच्या हाताला ठरवता येत नव्हतं.

"या विहीणबाई, या. बसा पाटावर. पाय धुवायचे होते तुमचे, पण बघा, माझाच पाय अडकलाय. मोरीत बादली भरलेली हाय. तुमचे तुम्हीच धुवून घ्या."

सासूबाईंनी धुतले. मला पाणी ओतल्याचा आवाज आला.

"जेवून जायचं."

"नको, नको. माझा उपास आहे आज."

"कसला?"

"शनिवारचा."

"आज बुधवार."

मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तोंडावर ओढणी धरली.

"मग चा घ्या. भांडं वेगळं हाय, घाबरू नका. त्यात मासळी कधी शिजली नाय."

सासूबाई चहा प्याल्या. कप खाली ठेवला. पेटीकडे पाहिलं. आय त्यांच्याकडे अगदी प्रेमाने बघत बसली.

"मागा की," आय म्हणाली.

"काय?"

"ज्यासाठी आलात ते. लग्नात तुम्ही सगळं मागून घेतलंत. साडी कसली, ताट कुठलं, पाय कुणी धुवायचे. विहिणीला मागितल्याबिगर कसं द्यायचं?"

"ते… सॅम्पल."

"ते काय असतं?"

सासूबाईंचा चेहरा पडद्यावर बोटभर दिसत होता, तरी मला त्याचा रंग बदललेला कळला. त्यांनी मान खाली घातली.

"विहीणबाई, माझ्या नातीसाठी तुमच्या पोटातलं द्या."

"आपल्या नातीसाठी," आय म्हणाली.

"आपल्या."

मग आयने ताटातलं हळदकुंकू घेतलं आणि पेटीच्या झाकणावर बोट टेकवलं. पेटीवर नारळ ठेवला, खण ठेवला. दोन्ही हातांनी ती सगळी ओटी विहिणीच्या पदरात दिली.

"रुखवतात मांडायचं राहिलं होतं बघा. न्या."

*

चालक नसलेली गाडी परतीच्या वाटेवर सारखी सांगत होती, "कृपया मांडीवरचं सामान मागच्या कप्प्यात ठेवा." सासूबाईंनी ऐकलं नाही. दापोली, खेड, चिपळूण. कुंभार्ली घाटातल्या प्रत्येक वळणावर त्यांनी पेटी छातीशी धरली. एरवी घाटात उलटी होते त्यांना. त्या दिवशी झाली नाही. पेटी घेऊन त्या वॉर्डात आल्या तेव्हा कुंकू त्यांच्या पदराला लागलेलं होतं.

माझं दूध आणि आयचे जंतू डॉक्टर मुल्लांनी एका काचपट्टीवर एकत्र केले. मला बोलावून दाखवलं. दुधातले पहारेकरी हिरवे चमकत होते आणि आयच्या जंतूंना चहूबाजूंनी बिलगले होते, बाजारात हरवलेलं पोर सापडल्यावर बिलगावं तसे. सासूबाईंच्या जंतूंची दुसरी काचपट्टी होती. त्यावर काळोख होता.

थेंब सुरू झाले. मीही आयच्या जंतूंच्या गोळ्या घेतल्या. या वेळी पंचामृत नव्हतं. आधी रक्त थांबलं. मग ताप. चट्टे सगळ्यांत शेवटी गेले. एके सकाळी ती प्याली, पाय सरळ सोडून झोपली आणि झोपेत तिने मोठ्ठा आवाज काढला. डॉक्टर मुल्ला टोपण चावत म्हणाल्या, "वा!"

*

बारशाला आय कुबड्या घेऊन आली. तिला खुर्ची दिली गेली, पंख्याखाली. एवढी प्रगती झाली.

सासूबाई पाळण्याजवळ उभ्या राहून जमलेल्या बायकांना सांगत होत्या, "किती मोठ्या दुखण्यातून उठली बघा. गोवंड्यांच्या मुली मुळातच काटक."

ईशानने मान डोलावली. डेटा होता.

मग सासूबाई माझ्याजवळ आल्या, आवाज खाली आणून बोलल्या. शुद्धोदरशी त्यांचं बोलणं झालं होतं. हे नवं जे काही आहे ते साठवायला हवं, पुढच्या पिढीच्या मुलींसाठी. कंपनी तयार होती. नावही ठरलं होतं : गोवंडे कुलविरजण, सुधारित. डबी चंदेरीच. झाकणावर तेच कुलदैवत.

मी काही म्हणायच्या आधी खुर्चीतून आय बोलली. तिला ऐकू गेलं होतं.

"लावा की तुमचं नाव, विहीणबाई. माझं काय जातंय? मी रोज सकाळी नवीन करते."

बायका हसल्या. सासूबाईही हसल्या, उशिरा. माझी मुलगी पाळण्यात स्वतःची मूठ चोखत होती. तिच्या पोटात हर्णै होतं आणि बाहेर तिला गोवंडे म्हणून हाक मारत होते.

*

लग्नानंतर मी सांगलीला यायला निघाले तेव्हा आयने सुकवलेल्या कोळंबीचा, सोड्यांचा एक डबा माझ्याबरोबर दिला होता. सासूबाईंनी कुंभार्ली घाटात गाडी थांबवून तो रस्त्याच्या कडेला ठेवला. डबा स्टीलचा होता. झाकणावर माझं नाव कोरलेलं होतं.